जुन्या डब्यातली नवी पावडर

फुगा हातात आला की लोक तो फुगवतात. मी आधी त्याचा वास घेतो. गेल्या साली नातवाच्या वाढदिवसाला मी चारचौघांत फुगा नाकाशी धरून बसलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती वैतागून म्हणाल्या, "अहो, आता तरी पुरे करा! लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणायचे ते म्हणोत. नीट धुतलेल्या फुग्याला वास जवळजवळ नसतोच. न धुतलेल्याला असतो, आणि तो आला की मला कौसल्याबाईचे हात आठवतात. संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले आहेत. माझ्या नोकरीत सांगण्यासारखी एकच खरी भानगड झाली, ती या हातांची.

मी मूळचा अमडापूरचा. अमरावतीला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं आणि घरच्यांचा समज असा की पोरगा आता मास्तर होणार. मी झालो फुग्यांच्या कारखान्यात केमिस्ट. खामगावच्या बाहेर, पिंपळगाव राजाच्या अंगाला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमच्या शेठजींनी हा कारखाना काढला होता. कापसाच्या मुलखात रबर कशाला, असं त्यांना सगळ्यांनी विचारलं. शेठजी म्हणायचे, "कापूस सगळेच करून राह्यले. फुगा कोन करते?" हा त्यांचा सगळा हिशेब. माझे वडील मात्र शेवटपर्यंत ओळख करून देताना "पोरगा कंपनीत आहे" एवढंच सांगायचे, कोणती कंपनी ते गिळून टाकायचे.

बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "रबराचं झाड कुठं लावलं बे?" झाड केरळात. तिथून त्याचा चीक लोखंडी पिंपांत भरून रेल्वेने यायचा. पांढराशुभ्र, दुधासारखा. वाटेत तो नासू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असायचा. पिंपाचं झाकण उघडलं की नव्या माणसाच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. जुन्या बाया हसायच्या, "रडू दे व, पहिल्या दिवशी सासरी सगळेच रडतात."

आता हा धंदा थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नुसता चीक वाळवला तर त्याचं रबर होतं, पण ते उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. ते कामाचं व्हायला त्यात गंधक घालून उष्णता द्यावी लागते. आमच्याकडे याला 'शिजवणं' म्हणायचे, आणि मला तो शब्द पुस्तकातल्यापेक्षा बरा वाटतो. नुसत्या गंधकावर रबर शिजायला फार वेळ लागतो. हरभऱ्याची डाळ लवकर शिजावी म्हणून बाया चिमूटभर सोडा टाकतात ना, तसं रबरात टाकायलाही एक रसायन असतं. पुस्तकात त्याला त्वरक म्हणतात. आमच्या कारखान्यात त्याचं नाव होतं 'पावडर'. गंधकही पावडरच, जस्ताचं भस्मही पावडरच, पण 'पावडर' म्हटलं की ही एकच. थायूरम जातीची, पांढुरकी, स्वस्त आणि कामाला भलती चोख. चिकात साचे बुडवायचे, भट्टीत वाळवायचे, आणि अर्ध्या तासात फुगा तयार. मग बाया तो साच्यावरून ओढून काढायच्या, चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याच्या पुडीत घोळवायच्या आणि मोजून बांधायच्या.

पावडर दळायचं काम वेगळ्या खोलीत चालायचं. चिनी मातीच्या गोट्या भरलेलं पिंप दिवसरात्र गडगडत राहायचं आणि त्यात ती पाण्याबरोबर दळली जायची. खोलीत सगळीकडे पांढरा थर. नाकाला फडकं बांधा म्हणून मी ओरडायचो. माझी पाठ वळली की फडकं गळ्यात. या खोलीला 'पावडरखातं' म्हणत आणि तिथला मुख्य गडी सुखदेव.

सुखदेव म्हणजे कौसल्याबाईचा नवरा. पिंपळगाव राजाचा. कामाला वाघ होता, दोन माणसांचं एकटा ओढायचा, पण बाजाराच्या दिवशी बाजार सोडून भलतीकडे जायचा. तो दारूबंदीचा काळ. म्हणजे दारू मिळत होती, फक्त चोरून मिळत होती, त्यामुळे माणूस ती घाईघाईने जास्त प्यायचा. सुखदेव पिऊन आला की घरातली भांडी अंगणात यायची आणि त्यांच्यामागे कौसल्याबाई आणि तिची लहान पोरगी शांती.

पावडरखात्यात गेल्यावर थोड्याच दिवसांत एक चमत्कार झाला. सुखदेवने एक ग्लास पोटात ढकलला आणि त्याचं तोंड तांब्यासारखं लाल झालं, छाती धडधडायला लागली, घाम सुटला आणि आतडी बाहेर येतील अशी ओकारी सुरू झाली. लोक म्हणाले, करणी केली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग त्याच्या जोडीदाराचं तेच. मी पावडर पुरवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक धुंडाळलं. तिथे अगदी बारीक अक्षरांत एक ओळ होती: काम करणाऱ्याने मद्य वर्ज्य करावे. ही पावडर अंगात गेली की दारू शरीरात नीट जिरत नाही, अर्ध्यावर अडकते आणि तिचं विष होतं. याच कुळातलं एक औषध डॉक्टर लोक दारुड्यांना देतात, पण ते स्वतः लक्ष ठेवून. आमच्याकडे लक्ष ठेवायला कोण होतं? असा माणूस जोरात प्यायला तर मरूही शकतो. मी पावडरखात्यातल्या सगळ्यांना ओळीने उभं करून हे सांगितलं. सुखदेवने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे साहेब, नोकरी करायची का दारू प्यायची, एकच?" मी म्हणालो, एकच. त्याने नोकरी धरली, पण तोंड असं केलं की जणू मीच त्याच्या घरात चोरी केली.

ही बातमी बायांमध्ये पसरली आणि कारखान्याच्या फाटकावर गर्दी व्हायला लागली. "साहेब, आमच्या घरच्याले पावडरखात्यात घ्या." एक म्हातारी तर आपल्या चांगल्या दांडग्या पोराला दंडाला धरून घेऊन आली. "पगार नोका देऊ, पन त्याले त्या खोलीत कोंडा!" मला तेव्हा हसू यायचं. खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही वाटायची. दारूबंदीवाल्यांना जे जमलं नाही ते आमच्या पांढऱ्या पुडीने करून दाखवलं, असं मी क्लबात बसून सांगायचो.

ही ऐट उतरवली रहीमभाईंनी.

रहीमभाई जत्रांतून फुगे विकत हिंडायचे. बांबूला फुगे बांधलेले, खांद्याला झोळी, तोंडात सदा पान. आमचं सगळ्यात लहान गिऱ्हाईक आणि सगळ्यात मोठा आवाज. एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर पोतंच उलटं केलं. "लो साहब, आपका माल आपको मुबारक! लेकरू फुगा हातात घेते, अन् फट्! माय म्हनते पैसे वापस दे. मी काय फटाके विकून राह्यलो काय?"

मी आधी नेहमीप्रमाणे त्यांच्याशी भांडलो. मग फुगे तपासले. साचे ठीक, भट्टी ठीक. पण फुटणारा प्रत्येक फुगा एकाच जागी, तोंडाच्या खाली बोटभर, पातळ आणि लिबलिबीत झालेला. म्हणजे जिथे ओढताना बाईचा अंगठा लागतो तिथे. मी तो बोटांत चोळला. तेलकट.

रबराचा एक नंबरचा वैरी म्हणजे तेल. ते रबरात शिरतं, त्याला फुगवतं आणि मऊ करून मारतं. फुगे काढणाऱ्या बायांनी डोक्याला तेल लावून यायचं नाही, हा आमचा नियम होता आणि त्यावरून दर आठवड्याला माझी त्यांच्याशी खडाजंगी व्हायची. मी तणतणत शेडमध्ये गेलो. शोधाशोध केली तर शंखजिऱ्याच्या डब्यामागे करडईच्या तेलाची वाटी.

"हे कोणाचं?" मी ओरडलो.

एरवी त्या शेडमध्ये कानावर हात ठेवायची वेळ यायची, आणि आता गोट्यांच्या पिंपाची घरघर भिंतीपलीकडून ऐकू येत होती. कौसल्याबाई टेबलाच्या टोकाला उभी होती, दोन्ही हात पदरात.

"हात दाखवा," मी म्हणालो.

"कायले साहेब?"

"दाखवा म्हणतो ना!"

तिने हात बाहेर काढले. मी आजवर तसे हात पाहिले नव्हते. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून लाल चिरा पडलेल्या, तळवे खरबरीत, मनगटापर्यंत बारीक फोड, काही फुटून ओलसर झालेले. तिच्याशेजारच्या बाईनेही मुकाट हात पुढे केले. मग तिच्या शेजारचीने. सगळ्यांचे तिच्याइतके वाईट नव्हते, पण निम्म्याहून जास्त बायांचे हात खाल्लेले होते. आग होते म्हणून त्या तेल लावत होत्या, आणि मी बोलेन म्हणून वाटी लपवत होत्या. मी रोज त्या शेडमधून दोनदा फेरी मारायचो. माझं लक्ष फुग्यांकडे होतं. मला इतकी शरम वाटली की वाटी तिथेच ठेवून मी बाहेर आलो.

कारण कळायला मला वेळ लागला नाही. रबर शिजल्यावर सगळी पावडर काही वापरली जात नाही. उरलेली हळूहळू फुग्याच्या अंगावर येते, त्याला पांढरट झाक येते. बाया दिवसभर तेच हाताळत होत्या. आणि तेच फुगे लेकरं तोंडात घालत होती. म्हणजे दुसरा त्वरक शोधणं आलं.

मी हे शेठजींशी बोललो ते बायांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत कौसल्याबाई माझ्या खोलीच्या दारात उभी. आत येईना.

"साहेब, तुम्ही पावडर बदलून राह्यले म्हने?"

"हो. तुमच्यासाठीच तर चाललंय."

"नोका बदलू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "अहो, हात पाहिलेत का तुमचे?"

"माहे हात माह्याजवळच हायत, मी नाही पाहीन तं कोन पाहीन?" ती म्हणाली. "हाताचं काय, हात सोसते. पन हे दारू नाही पीत, साहेब. शांती आता बापाच्या मांडीवर बसते. पह्यले बाप आला का बाजेखाली शिरे. तुमची पावडर गेली का पुन्हा तेच."

"भाकरी करता येते का या हातांनी?"

ती खाली पाहू लागली. "शांती करते. जाड्याभरड्या होतात. पन खातो आम्ही."

तिनेच वाट काढली, "बायाईसाठी नवी आना. एका मानसापुरती जुनी ठेवा ना थोडी. तिकडं खोलीत. कोनाले समजते?"

मी तिला समजावलं की अशी पावडर चोरून अंगात घालणं म्हणजे माणसाला विष देणं आहे, आणि चिकात जी पडेल ती सगळ्यांच्या हाताला लागणार. तिने ऐकलं. पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. जाताना म्हणाली, "शिकेल मानसाले सगळं समजते, घर नाही समजत." मला राग आला. आजही त्या वाक्याचा राग येतो, कारण मी अजून त्याला उत्तर शोधतोय.

मग सुरू झाली शोधाशोध. पावडर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस मुंबईहून आला. बूट पांढरे होऊ नयेत म्हणून तो पावडरखात्याच्या दारातूनच आत डोकावला आणि म्हणाला, "तुमच्या बायकांना साबणाने हात धुवायला सांगा, साहेब. इथे स्वच्छतेचा प्रश्न दिसतो." मी त्याला चहा न पाजता वाटेला लावला. पण त्याच्या पेटीतले नमुने ठेवून घेतले.

नमुन्यांची परीक्षा आम्ही आमच्या पद्धतीने केली. प्रत्येक पावडरीचं पातळ रबर बनवायचं, त्याचा रुपयाएवढा तुकडा दंडावर ठेवायचा, वरून पट्टी बांधायची आणि दोन दिवसांनी सोडून पाहायची. पहिल्यांदा मी माझ्याच दंडावर बांधल्या. काहीच झालं नाही. माझी कातडी गेंड्याची आहे हे आमच्या घरी आधीच सगळ्यांना माहीत होतं. ज्यांचे हात खराब झाले होते त्यांच्याच कातडीला हे कळणार होतं. मी विचारलं, कोण तयार आहे? सगळ्यांच्या आधी कौसल्याबाईने बाही वर केली.

"तुम्ही? तुम्हाला तर नको आहे ना बदल?"

"मले नोको. पन ह्या पोरीबाळी हायत ना," तिने नव्या पोरींकडे मान उडवली. "त्याईचे लग्न व्हायचे हायत."

पट्टी सोडली तर जुन्या पावडरीखाली रसरसून फोड. तिच्या चुलत कुळातल्या दुसऱ्या पावडरीखाली लाली. तिसरा नमुना थायाझोल जातीचा, त्याच्याखाली काही नाही. स्वच्छ कातडी. मी आनंदाने ओरडलो. कौसल्याबाई त्या जागेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे आता ही येनार."

येणार म्हणजे लगेच नाही. ही तिसरी पावडर गरीब स्वभावाची आणि आळशी. प्रयोगापुरती ती मी माझ्या खोलीत खलातच घोटत होतो, पावडरखात्यात नाही. पहिल्या घाण्याचे फुगे भट्टीतून निघाले ते पुरणासारखे मऊ. दुसऱ्याचे शिजले, पण भट्टीत इतका वेळ ठेवावे लागले की तपकिरी झाले. शेठजी रोज येऊन विचारायचे, "झालं काय?" आणि लाकडाच्या ढिगाकडे पाहून सुस्कारा टाकायचे. आमच्या विहिरीचं पाणी खारं. त्यात चीक पातळ केला की गुठळ्या व्हायच्या, म्हणून पत्र्यावरचं पावसाचं पाणी हौदात साठवून वापरावं लागे. तो हौद माझ्या प्रयोगांत तळाला गेला. शेवटी जमलं ते असं: चिकात पावडर घालून तो आधीच कोमट टाकीत हळूहळू ढवळत ठेवायचा. म्हणजे साचा बुडवण्याआधीच तो अर्धा शिजलेला असतो, आणि मग भट्टीत थोडक्यात भागतं. शिवाय तयार फुगा साच्यावर असतानाच गरम पाण्यात बुडवून धुवायचा, म्हणजे जे काही उरलंसुरलं असेल ते निघून जातं. यात मोठा शोध काही नाही. मोठ्या कारखान्यांत हे आधीपासून माहीत असणार. पण खामगावात ते मला कोणी येऊन सांगितलं नाही, आणि शेडमधल्या बायांनी पहिला चांगला फुगा फुगवून माझ्या टेबलाला बांधला, तेव्हा मला जे वाटलं ते पुढे कोणत्याही बढतीने वाटलं नाही.

नवी पावडर लावायच्या आदल्या दिवशी कौसल्याबाई पुन्हा आली. या वेळी आत आली.

"साहेब, एक करा. नवी पावडर जुन्याच डब्यात भरा. अन् शांतीच्या बापाले सांगू नोका. बायाईले मी सांगतलं हाय, कोनी बोलनार नाही."

रसायनाच्या धंद्यातला पहिला धडा म्हणजे एकाच्या डब्यात दुसरं भरायचं नाही. कोणी माझ्यासमोर असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता. पण तिचे हात माझ्या टेबलाच्या कडेवर होते, आणि ते मला आता नीट दिसत होते. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आणि शेठजींचा मुनीम, दोघांनी जुनी पावडर गोण्यांत भरून परत पाठवायला काढली आणि नवी त्या डब्यांत ओतली. नवी जरा पिवळसर होती. सकाळी सुखदेवने डबा उघडून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "यंदाचा माल असाच आलाय," मी ठोकून दिलं. तो बरं म्हणाला.

फुगे फुटायचे थांबले. रहीमभाईंनी पान खिलवलं. हात मात्र एका रात्रीत बरे झाले नाहीत. आधी फोड सुकले, मग चिरा मिटल्या, नवी गुलाबी कातडी आली. मी आता रोज फुग्यांच्या आधी हात पाहायचो. कौसल्याबाई मला पाहून तळवे उघडून दाखवायची आणि लगेच मिटायची. चेहऱ्यावर आनंद नसायचा. ती वाट पाहत होती. खरं सांगायचं तर मीही. दर बाजारानंतर मी सुखदेवच्या डोळ्यांकडे पाहायचो.

आणि मग एका सकाळी ती पदर खोचून धावतच आली. "साहेब! काल त्याईनं घेतली."

"मग?"

"ओकले ना! अंगनात बसून, आतडे पिळून ओकले! म्हने कौसल्या, मेलो, अजून नाही चालत मले!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "पावडर तं बदलली. मंग असं कसं झालं?"

मी चक्रावलो. जुनी पावडर जाऊन बरेच आठवडे झाले होते. अंगात असलेली इतके दिवस टिकेल हे कुठल्याच पुस्तकात बसत नव्हतं. पण मला बाईसमोर अडाणी दिसायचं नव्हतं. "राहत असेल थोडी अंगात मुरलेली," मी म्हणालो.

"राह्यते?" तिने ते शब्द असे उचलले की जणू मी सोनं दिलं. "मुरते म्हना ना!" आणि गेली.

त्यानंतर सुखदेवने दारूला हात लावला नाही. मी त्यावर बरंच डोकं खाजवलं. एका जाणकाराला पत्र लिहून विचारलं. त्याने कळवलं, असं होत नाही. मी तो विषय मनात एका कोपऱ्यात टाकून दिला. पुढे मी दुसरीकडे गेलो, कारखाना शेठजींच्या मुलांच्या हाती गेला आणि एक दिवस बंदही झाला. ज्या थायाझोलचा मला एवढा अभिमान होता, तिचीही काहींच्या कातडीला बाधा होते हे मी नंतर वाचलं. पूर्ण निरुपद्रवी पावडर नसतेच. कमी त्रासाची शोधायची आणि भरपूर धुवायचं, एवढंच आपल्या हातात.

निवृत्त झाल्यावर एकदा मी कामानिमित्त पिंपळगाव राजाला गेलो, तर सुखदेव एस.टी. स्टँडवरच भेटला. पांढऱ्या मिशा, पाठ थोडी वाकलेली. "साहेब! जेवल्याबिगर जाऊ देत नाही!" म्हणून घरी घेऊन गेला. शांती आणि जावई आलेले होते. स्वयंपाकाला वेळ होता, तर मला वांग्यांचा वाफा दाखवायला घेऊन गेला. वांग्यांची बरीच स्तुती झाल्यावर मी विचारलंच. "सुखदेव, एक सांग. त्या दिवशी तू ओकलास कसा? पावडर तर..." आणि जीभ चावली.

तो वाफ्याच्या बांधावर बसला आणि हसला. "पावडर तं बदलली होती. मालूम हाय मले."

"कसं कळलं?"

"चोरून पेऊन पाह्यली ना. अन् बसलो वाट पाहात. आता छाती धडधडन, आता ओकन. काईच नाही! मस्त चढून राह्यली. मी म्हनलं, वा रे वा, सुटलो एकदाचा! घरी आलो तं ही चुलीपाशी भाकर थापून राह्यली. सोता. हातानं. किती दिवसानं मी तिले थापताना पाह्यलं. मले पाहून तिचा हात थांबला. तशीच राह्यली, पीठ हाताले लागेल, माह्या तोंडाकडे पाहात. लाल झालं का, हे पाहात होती." त्याने बांधावरचं गवत उपटलं. "मले वाटलं, हिले समजलं का नवी पावडर दारूले अडवत नाही, तं उद्या ही तुमच्याकडे जाईन. म्हनन, जुनीच आना."

"मी आणली नसती."

"तुम्ही तिच्यासाठी जुन्या डब्यात नवी भरली, साहेब. ते बी आनली असती." त्याने हातातलं गवत फेकून दिलं. तो म्हणाला, "मंग मी अंगनात गेलो. बोटं घातली घशात. चांगला ओरडून ओरडून ओकलो, शेजारी जमा झाले."

"आणि नंतर?"

"नंतर काय? एकदा ओकलो तं आता दर डाव ओकाच लागन ना! दर डाव बोटं घालून कोन पेईन? पैसे देऊन प्याची अन् बोटं घालून काढाची, येडा हाय काय मी? त्यापरीस सोडून देली." मग खाली पाहत, "कठीन गेलं साहेब. लय कठीन गेलं. पन तिले सांगू नोका. तिले वाटते, पावडर हाय अंगात. वाटू द्या."

आम्ही परत आलो. पंगत बसली. कौसल्याबाई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि शांती वाढत होती. कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट निघाली, तिथे पिण्याची सोय चांगली होती वगैरे. जावई सासऱ्याकडे पाहून हसून म्हणाला, "आमच्या मामाजीचं काही खरं नाही. कोनी कितीही आग्रह करो, म्हनतात मले चालत नाही, अंगात पावडर हाय. साहेब, तुम्ही तं त्यातले. इतके वर्सं राह्यते काय हो अंगात?"

कौसल्याबाईचा हात परातीवर थांबला. सुखदेव ताटातल्या वांग्याकडे पाहत राहिला. आयुष्यभर मी वजन करून, मोजून, पट्टी सोडून पाहूनच बोललो होतो.

"राहते," मी म्हणालो. "एकदा मुरली की जन्मभर राहते."

"मी काय सांगत होती?" कौसल्याबाई जावयाला म्हणाली. "साहेब कायले खोटं बोलतीन?" तिने तव्यावरची भाकरी उचलली आणि स्वतः उठून माझ्या ताटात वाढली. पातळ, गोल होती, आणि तिच्या पाचही बोटांचे ठसे त्या भाकरीवर नीट दिसत होते.